सहा गर्भ, एक फॉर्म

अबोली

लिहू की नको करत दोन महिने गेले. आज लेक दुपारची झोपली आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

मी आणि नवरा, दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचे नुसते वाहक. आम्हाला स्वतःला काही होत नाही, हिमोग्लोबिन जरा कमी भरतं एवढंच. पण दोघं मायनर असले की दर गरोदरपणात मूल मेजर निघण्याची शक्यता २५ टक्के. मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला रोजचं औषध, आणि हे जन्मभर. लग्नाआधी कुणी तपासलंच नव्हतं. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा कळलं. बाराव्या आठवड्यात तपासणी झाली, मेजर निघालं. पुढचं लिहीत नाही.

पुन्हा ती वेळ नको म्हणून आयव्हीएफ केलं आणि गर्भ तपासून घेतले. पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे जिथून पुढे वार तयार होते तिथल्या, पाच-सात पेशी काढतात आणि गर्भ गोठवून ठेवतात. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. एकच कागद, त्यावर सहा ओळींचा तक्ता. दोन 'अफेक्टेड' म्हणजे मेजर, तीन 'कॅरिअर' म्हणजे आमच्यासारखे मायनर, एक 'नॉर्मल'. नॉर्मलची ओळ हिरव्या रंगात. कागद हातात घेतल्यावर पहिलं मनात आलं ते हे, की या तक्त्यात मला घातलं तर मी हिरवी नाही.

हिरवा गर्भ आधी ट्रान्सफर केला. रुजला नाही. मग कॅरिअरपैकी एक. ती आता चार वर्षांची आहे आणि आत्ता माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली आहे.

दोन अफेक्टेड गर्भांच्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. 'नष्ट करण्यास संमती.' उरलेले दोन कॅरिअर अजून गोठवलेले आहेत. दर वर्षी फॉर्म येतो: ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, संशोधनाला द्यायचे की काढून टाकायचे. यंदा फॉर्मला एक पत्रक जोडलेलं होतं. जुन्याच नमुन्यातून आणखी चाचणी करून देऊ म्हणे. मधुमेह, हृदयविकार, आणि खाली बारीक अक्षरांत अपेक्षित उंची आणि 'बौद्धिक क्षमता'. प्रत्येक गर्भाला गुण मिळणार.

मी संतापले. नवरा शांतपणे म्हणाला, "निवड तर आपण तेव्हाही केलीच होती. मग आता राग कशाचा?" दोन महिने झाले, मला उत्तर देता आलेलं नाही. मेजर नको म्हणणं आणि बुटकं नको म्हणणं, यांत रेघ नेमकी कुठे मारायची?

तिरकस

काही दिवसांनी 'आपल्या गर्भाला पाचपैकी किती तारे द्याल?' असा मेसेजही येईल. हलके घ्या.

धागा गंभीर आहे, बाजूला बसून वाचतोय.

गुणसूत्र

अबोली, आधी त्या पत्रकाचा निकाल लावू. मी याच क्षेत्रात प्रयोगशाळेच्या बाजूला काम करतो.

तुमची पहिली चाचणी आणि हे गुणांकन यांत नावापुरतं साम्य आहे. थॅलेसेमियात एक जनुक, त्यातला माहीत असलेला बिघाड, आणि उत्तर हो किंवा नाही. उंचीचं तसं नाही. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएवरून अभ्यास झाला, त्यात उंचीशी जोडलेल्या १२ हजारांहून जास्त जागा सापडल्या. एवढं सगळं जमेला धरूनही युरोपीय वंशाच्या लोकांमधला उंचीतला फरक साधारण ४० टक्केच समजावून सांगता येतो. बाकीच्या वंशांत त्याहून बराच कमी, कारण विदा (डेटा) मुख्यतः युरोपीय लोकांचाच. आणि उंची हे त्यातल्या त्यात सोपं प्रकरण.

२०१९ चा एक अभ्यास मला फार आवडतो. दहा गर्भांमधून सर्वांत जास्त गुणांचा निवडला तर सरासरीपेक्षा किती फायदा होईल, याचं गणित त्यांनी मांडलं. उत्तर आलं उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर, बुद्ध्यंकात सुमारे अडीच गुण. मग त्यांनी भरपूर भावंडं असलेली २८ खरी कुटुंबं घेतली, जिथे मुलं मोठी होऊन त्यांची उंची मोजता येत होती. गुणांनुसार जो सर्वांत उंच ठरायला हवा, तो प्रत्यक्षात सर्वांत उंच निघाला २८ पैकी फक्त ७ घरांत. तुमच्याकडे तर दोनच गर्भ आहेत. तुम्हाला विकलं जातंय ते नाणेफेकीला इस्त्री करून.

रानवारा

आजची चाचणी कच्ची आहे हे मान्य. पण 'चालत नाही' हा नैतिक आक्षेप होत नाही. उद्या चालायला लागली तर काय म्हणणार? ज्युलियन सॅव्ह्युलेस्क्यू नावाच्या तत्त्वज्ञाने २००१ मध्येच सरळ म्हटलं होतं की निवड हातात असेल, तर ज्या मुलाचं आयुष्य जास्त चांगलं जाण्याची शक्यता आहे ते निवडणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ऐकायला गार वाटतं. पण आपण शाळा निवडताना, लसी देताना, गरोदरपणी फॉलिक अॅसिड घेताना वेगळं काय करतो?

आणि निवडत कशाला बसायचं, दुरुस्तच करू या की. जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याची क्रिस्पर ही पद्धत २०१२ मध्ये आली, २०२० मध्ये डाउडना आणि शार्पेंटिए यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गर्भातच एक अक्षर सुधारलं तर ते मूल, त्याची मुलं, नातवंडं, सगळी सुटली. देवीचा रोग जगातून घालवला तेव्हा 'पुढच्या पिढ्यांची संमती घेतली का' असं कुणी विचारलं नाही.

जुनाजाणता

रानवारा, पुढच्या पिढ्यांचा प्रयोग एकाने करून झाला आहे.

नोव्हेंबर २०१८. हाँगकाँगमध्ये जनुक-संपादनावरची जागतिक परिषद. शेनझेनचा शास्त्रज्ञ हे जियानकुई व्यासपीठावर येऊन सांगतो की मी गर्भ संपादित केले आणि दोन जुळ्या मुली जन्मल्यासुद्धा. टोपणनावं लुलू आणि नाना. वडील एचआयव्हीग्रस्त, म्हणून मुलींना एचआयव्ही होऊ नये यासाठी सीसीआर५ हे जनुक बंद केलं, असा दावा.

आता बारकाईने बघा. वडिलांकडून मुलाला एचआयव्ही जाऊ नये यासाठी शुक्राणू धुऊन घेण्याची साधी पद्धत आहे, आणि ती याही प्रकरणात वापरली होती. म्हणजे ज्या आजारासाठी हा खटाटोप केला तो त्या मुलींना होण्याची भीती आधीच टळलेली. काही लोकांत या जनुकाच्या दोन्ही प्रतींतली (प्रत्येक पालकाकडून एक) ३२ अक्षरं निसर्गतःच गळलेली असतात आणि त्यांना एचआयव्ही सहसा होत नाही, त्याची ही नक्कल. पण मुलींमध्ये झालेला बदल त्या नैसर्गिक बदलासारखा नव्हताच, वेगळंच काहीतरी झालं. एकीच्या तर एका प्रतीला हातही लागला नाही. शिवाय ते जनुक काही शोभेला बसवलेलं नाही. ते बंद असलं तर वेस्ट नाईलसारख्या विषाणूचा आजार जास्त तीव्र होऊ शकतो.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षं कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. २०२२ मध्ये तो सुटला. मुली मात्र त्या जनुकातून सुटणार नाहीत.

(जाता जाता: सीसीआर५ नसलेली माणसं लवकर मरतात असा एक शोधनिबंध २०१९ मध्ये गाजला होता. चूक सापडली, मागे घेतला गेला. आपल्याच बाजूचा चुकीचा पुरावाही टाकून द्यावा लागतो, म्हणून सांगितलं.)

अबोली

जुनाजाणता, 'मुली सुटणार नाहीत' यावर थांबले थोडा वेळ. त्या आता शाळेत जात असतील.

गुणसूत्र

रानवारा, देवीचं उदाहरण इथे बसत नाही. लस घेतलेल्या माणसाच्या मुलाबाळांत ती लस उतरत नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. गर्भ संपादित करण्याची गरज नक्की कुणाला पडते? अबोली आणि त्यांचे यजमान घ्या. दोघं मायनर, म्हणजे सरासरी चारात तीन गर्भ ठीक. निवडून काम होतं. हंटिंग्टनसारखा, मोठेपणी सुरू होऊन मेंदू निकामी करत जाणारा आजार घ्या, जिथे एका पालकाकडून आलेली एकच बिघडलेली प्रत पुरते. तिथेही निम्मे गर्भ ठीक. संपादनावाचून गत्यंतर नाही अशी स्थिती येते ती जवळजवळ प्रत्येक गर्भ बाधितच होणार असेल तेव्हा. उदाहरणार्थ दोन्ही पालक स्वतः मेजर. जगात अशी जोडपी आहेत, पण मोजकी.

आणि जन्मलेल्या माणसाला बरं करण्याचा रस्ता वेगाने रुंद होतोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या माणसाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढायच्या, क्रिस्परने बदलायच्या आणि परत द्यायच्या. बदल त्याच्यापुरता, त्याच्या संमतीने. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ आजार असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी, केवळ त्या एकट्यासाठी, जनुक-संपादनाचं औषध बनवून दिलं गेलं.

मग गर्भ-संपादनाचा मोठा गिऱ्हाईक कोण उरतो? ज्याच्याकडे निवडण्याजोगा चांगला गर्भ आहे, पण त्याहून 'आणखी चांगला' हवा आहे तो. म्हणून आजारपणाच्या दारातून कुणी हा विषय आत आणला की मला आधी संशय येतो.

रानवारा

हे जरा सोयीचं गणित झालं. कागदावर चारात तीन. वय ३९, गर्भ मिळाले दोन, दोन्ही अफेक्टेड, असं झालेली मैत्रीण आहे माझी. तिला 'चारात तीन' सांगून बघा.

दुसरं म्हणजे गर्भ टाकून देणं ज्यांना मुळातच पाप वाटतं, त्यांच्या दृष्टीने निवड जास्त वाईट. सहातले दोन फेकायचे. संपादनाने तेच दोन वाचतील. म्हणजे गर्भाला जीव मानणाऱ्याने खरं तर संपादनाच्या बाजूने उभं राहायला हवं. यावर बोला.

गुणसूत्र

मैत्रिणीबद्दलचं मान्य. वर 'जवळजवळ' लिहिलं होतं, पण ते फारच पटकन लिहून पुढे गेलो.

दुसरा मुद्दा तर्काला सुरेख आहे. फक्त तिथवर पोचायचं कसं, ते पाहा. २०१५ मध्ये ग्वांगझूच्या गटाने पहिल्यांदा मानवी गर्भावर क्रिस्पर वापरलं, तेही थॅलेसेमियाच्याच जनुकावर. जन्माला येऊच शकणार नाहीत असे, दोन शुक्राणूंनी फळलेले ८६ गर्भ. ७१ टिकले, ५४ तपासले, २८ मध्ये कात्री बरोबर जागी चालली, आणि त्यातल्या अगदी थोड्यांत हवी ती दुरुस्ती झाली. काहींत भलत्याच जागी काप, काहींत अर्ध्या पेशी बदललेल्या आणि अर्ध्या तशाच. तंत्र सुधारलंय नंतर. पण 'दोन वाचवायचे' म्हणताना त्याआधी किती गर्भांवर हात साफ होणार, तेही त्याच पापभीरू माणसाच्या हिशेबात धरावं लागेल. शिवाय संपादन नीट झालं का, हे पाहायला शेवटी त्याच पाच-सात पेशी काढायच्या आणि बिघडलेले टाकायचे. म्हणजे निवड टळली नाहीच.

तिरकस

रानवारा वि. गुणसूत्र: १-१. पंच कुठे आहेत?

वाटसरू

मी या स्थळावर पाच वर्षं नुसता वाचक आहे. पहिलाच प्रतिसाद.

मी थॅलेसेमिया मेजर. वय ३१. अबोलीताई, तुमच्या तक्त्यातल्या वरच्या दोन ओळींपैकी मी.

मला वाईट वाटेल म्हणून कुणी गप्प बसू नका, तसं काही नाही. तुम्ही केलंत ते चुकलं असं मला वाटत नाही. माझी धाकटी बहीण जन्मण्याआधी आईनेही पोटात तपासणी करून घेतली होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. ती मायनर निघाली, घरात आनंदीआनंद. रात्री मी शेजारच्या खोलीत जागा होतो. बाबा कुणाला तरी फोनवर म्हणाले, "सुटलो. या वेळी सुटलो." त्यांचा अर्थ मला आज कळतो. आठव्या वर्षी मला एवढंच कळलं की मागच्या वेळी ते अडकले होते.

त्याआधी एका डॉक्टरांनी आईला सुचवलं होतं की माझ्याशी अस्थिमज्जा जुळणारं बाळ निवडून जन्माला घाला. अमेरिकेत २००० मध्ये असं पहिलं बाळ जन्मलं, त्याच्या नाळेतल्या रक्ताने थोरली बहीण वाचली. आई नाही म्हणाली. मोठेपणी मी कारण विचारलं तर म्हणाली, "तिने तुला वाचवलं नसतं तर मी तिच्याशी कशी वागले असते, याची मला खात्री नव्हती." या विषयावर मी बरंच वाचलंय, पण त्या वाक्याच्या जवळपास येणारं काही सापडलं नाही.

आता माझी तक्रार. सायप्रसमध्ये थॅलेसेमियाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असणाऱ्या देशांतलं. त्यांनी १९७० च्या दशकापासून लग्नाआधीची तपासणी लावून धरली, चर्चनेही प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, आणि मेजर बाळं जन्मणं जवळपास थांबलं. उत्तम. पण तिथे जन्मलेल्या रुग्णांची काळजीही चोख घेतात, हे त्याच कार्यक्रमाचं दुसरं अंग. ते अंग उचलायला कुणी उत्सुक नसतं. चाचणी सर्वत्र पोचते, रक्त वेळेवर पोचत नाही. मला लहानपणी दोनदा न तपासलेलं रक्त चढलं आणि हिपॅटायटिस सी झाला. तेव्हा जनुकाने मला जेवढं छळलं नव्हतं तेवढं त्या बाटलीने छळलं. तुमच्या तक्त्यात 'अफेक्टेड' लिहिलेलं असतं. कशाने, ते लिहिलेलं नसतं.

निशिगंध_०७

वाटसरू, लिहीत राहा.

मी जनुकीय समुपदेशक आहे. आमच्याकडचा एक प्रकार सांगते, इथे निवडीपेक्षा माहितीच जड होते. हंटिंग्टन असलेल्या वडिलांचा मुलगा येतो. त्याला स्वतःला तो आजार होणार की नाही हे जाणून घ्यायचं नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. पण बाळाला नको आहे. मग गर्भ तपासतात आणि जोडप्याला फक्त 'हा योग्य आहे' एवढंच सांगतात. किती बाधित निघाले, मुळात एक तरी निघाला का, काही नाही. कारण एक जरी बाधित निघाला असं कळलं, तरी त्या होणाऱ्या बापाला स्वतःचं भविष्य कळलं. सगळेच निरोगी निघाले तरी पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण आयव्हीएफ करायचं, खरं तर गरज नसताना. कारण 'आता नको' म्हटलं की तेही उत्तरच.

मी असा चेहरा समोर ठेवून बसलेली असते आणि मला उत्तर माहीत असतं. डोळे कागदावर ठेवायला शिकावं लागतं.

शंकासुर

सगळे आपापल्या घरचं बोलताहेत, म्हणून जरा इतिहास. 'युजेनिक्स', म्हणजे निवडून पैदास करून माणसाची जात 'सुधारण्याचा' विचार, हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने १८८३ मध्ये घडवला. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 'अयोग्य' लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तशाच कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, "मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या" हे न्यायमूर्ती होम्स यांचं वाक्य त्यातलंच. एकट्या अमेरिकेत ६० हजारांहून जास्त लोकांची अशी नसबंदी झाली. जर्मनीने १९३३ च्या कायद्याने तो आकडा चार लाखांच्या घरात नेला.

रानवारा

ते सरकारने केलं, सक्तीने. इथे आई-बाप स्वखुशीने करताहेत. दोन्ही एका पारड्यात कसे घालता?

शंकासुर

स्वखुशीचंच उदाहरण देतो. दक्षिण कोरियात १९९० मध्ये दर १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. कुठल्याही सरकारने मुलगेच जन्माला घाला असा हुकूम काढला नव्हता, उलट लिंगनिदानाला बंदी होती. घराघरात जो तो आपापल्या मुलाच्या भल्याचाच विचार करत होता. प्रत्येकाला विचारलंत तर त्याच्याकडे सयुक्तिक कारण असणार. बेरीज मात्र कुणीच केलेली नव्हती.

जुनाजाणता

आणि 'भलं' म्हणजे काय, यावरच एकमत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका कर्णबधिर जोडप्याने बाळही कर्णबधिर व्हावं म्हणून पिढ्यानपिढ्या बहिरेपणा असलेल्या घरातला शुक्राणू-दाता शोधला, त्यावर गदारोळ उठला. त्यांच्या दृष्टीने ती खोट नव्हतीच, स्वतःची भाषा असलेला समाज होता. ब्रिटनने २००८ च्या कायद्यात असा गर्भ पसंतीने निवडायला बंदी घातली. म्हणजे 'निवड पालकांची' म्हणणाऱ्या कायद्यानेही कुठली निवड चालेल हे ठरवलंच. मला स्वतःला त्या जोडप्याचं पटत नाही. पण त्यांना खोडून काढायला निघालो की दर वेळी माझ्याकडून 'नॉर्मल' हाच शब्द निघतो आणि मी थांबतो.

अबोली

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नवऱ्यालाही वाचायला दिले.

त्याच्या प्रश्नाचं एक उत्तर मी परवा तयार केलं होतं. मेजरच्या वेळी आपण कशाला घाबरतोय ते मला ठाऊक होतं, नात्यातल्या एका मेजर मुलाच्या हातावरच्या, सुया टोचून टोचून कडक झालेल्या शिरा मी पाहिल्या होत्या. उंचीच्या गुणांमागे कुणाच्याच शिरा नाहीत. छान वाटलं होतं उत्तर. मग वाटसरूंचा प्रतिसाद आला. तेव्हा ध्यानात आलं की त्या मुलाच्या शिरा मी पाहिल्या, पण त्याला एका शब्दाने कधी काही विचारलं नाही. तो आता विशीत आहे. त्याला कसं वाटतं, मला माहीत नाही. माझा सगळा निर्णय त्याच्या हाताकडे बघून झाला आणि तोंडाकडे मी पाहिलंच नाही.

निर्णय आजही तोच घेईन, हेही खरं.

पत्रकाला नकार कळवला. जुन्या नमुन्याचा विदा आमच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही देऊ नये, हेही लिहून पाठवलं. त्यावर अजून उत्तर नाही.

फॉर्म तसाच आहे. नवऱ्याने 'ठेवावे' वर खूण केली आहे. त्याची सही झाली, माझी जागा रिकामी.

वाटसरू

त्या मुलाला फोन करा, पण शिरांबद्दल विचारू नका. बहुतेक तो क्रिकेटबद्दल बोलेल.

तिरकस

वाटसरू, आता नुसते वाचक राहू नका, लिहा.

वाटसरू

मंगळवारी रक्त आहे, सहा तास पडून राहायचं असतं. तेव्हा लिहीन.